पोचय्याचं खोडरबर

नकाशा कधी खोटं बोलत नाही. फौजेत सर्व्हेअर ट्रेडचं प्रशिक्षण सुरू झालं तेव्हा पहिल्याच तासाला उस्तादांनी हे वाक्य फळ्यावर लिहिलं आणि आम्हाला सावधान उभं करून तीनदा म्हणायला लावलं. त्या दिवशी उस्ताद वीस मिनिटं उशिरा आले होते. त्यांना वर्ग सापडला नव्हता.

त्यानंतर सव्वीस वर्षं मी याच ट्रेडमध्ये काढली. सुभेदार म्हणून निवृत्त झालो. मूळचा नांदेडकडचा, आता मलकपेठेत राहतो. शेजारची मंडळी लढाईच्या गोष्टी विचारतात. मी पुराची सांगतो. ती जरा निराश होतात.

माझं शेवटचं पोस्टिंग हैदराबादला, एका इंजिनिअर रेजिमेंटमध्ये. सर्व्हे सेक्शनमध्ये आम्ही सहा जण होतो. सेक्शनची एक रीत होती. कुठलाही नवा नकाशा आला, की त्यावरच्या ज्या गोष्टी आमच्यापैकी कोणी पाहिलेल्या नाहीत त्यांच्यापुढे पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढायचं. जो स्वतः त्या जागी पाय ठेवून येईल त्यानेच ते खोडायचं. खोडरबर एकच होतं आणि ते नायक पोचय्याकडे असायचं. पोचय्या तेलंगणातलाच, उंच, सडसडीत, दिवसाला तीस किलोमीटर चालून वर कबड्डी खेळणारा. कोणी रबर मागायला गेलं की तो आधी उलटतपासणी घ्यायचा.

"पुल पे खड़े थे, या पुल कू देख के आए?"

"देखा ना यार, दूर से."

"तो रबर भी दूर से देखो."

नोकरीच्या शेवटच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नामपल्लीच्या एका सभागृहात कार्यक्रम होता. हैदराबादपासून तीन तासांवरच्या एका ग्रामीण जिल्ह्याचं नकाशांचं पोर्टल जनतेसाठी खुलं होणार होतं. जिल्ह्याचं नाव सांगत नाही. त्याच्यासारखे आणखी असतील. आपत्तीच्या वेळी फौजेलाही हाच डेटा वापरायचा असल्यामुळे मला पाठवलं होतं. समई लावली गेली, शाली दिल्या गेल्या. मग पडद्यावर जिल्हा आला. तलाव उमटले, टाळ्या. रस्ते उमटले, टाळ्या. पूल उमटले तेव्हा पुढच्या रांगेतले काही जण उभे राहिले.

कल्पना चांगली होती, हे मान्य केलं पाहिजे. आमच्या उमेदीच्या काळात असे नकाशे कुलपात असत आणि सही करून मिळत. आता कोणताही मेंढपाळ मोबाइलवर आपल्या गावचा ओढा पाहू शकणार होता. मला खटकली ती रेषा. सगळे पूल एकाच जाड काळ्या रेषेत होते. व्यवस्थित नकाशात बांधलेलं काम सलग रेषेने दाखवतात आणि नुसतं मंजूर झालेलं तुटक रेषेने. इथे अख्ख्या जिल्ह्यात एकही तुटक रेषा नव्हती. ज्या जिल्ह्यात काहीच अर्धवट नाही असा जिल्हा मी नोकरीत पाहिला नव्हता.

चहाच्या वेळी मी तिथल्या अधिकाऱ्यांना विचारलं, "साहब, इसमें के बने हुए कितने और मंज़ूर कितने?"

ते हसले. "सूबेदार साब, मंज़ूर हुआ तो बना ही समझो."

मागे पोर्टल बनवणाऱ्या कंपनीतली एक पुण्याची मुलगी वायरी गुंडाळत होती. माझ्या हिंदीवरून तिने मी मराठी असल्याचं ओळखलं असावं. ती मराठीतच म्हणाली, "काका, परवापर्यंत तुटक रेषा होत्या. प्रोजेक्टरवर फिक्या दिसत होत्या, म्हणून सरांनी सगळ्या जाड करायला सांगितल्या. परत करणार आहोत आम्ही."

"कधी?"

"फंक्शन झालं की."

युनिटमध्ये परतल्यावर मी जिल्ह्याची जुनी कागदी शीट काढली, पोर्टलवरचे नवे पूल तिच्यावर उतरवले आणि अकरा पुलांपुढे प्रश्नचिन्हं काढली. वरिष्ठांना एक टिपणही दिलं. ते मिळाल्याची पोच माझ्याकडे अजून आहे.

ऑगस्टमध्ये तीन दिवस सलग पाऊस झाला. चौथ्या दिवशी ०५३० ला फॉल-इन. चाळीस जवान, चार थ्री-टनर ट्रक, एक जीप, चार बोटी. या तुकडीचे, म्हणजे कॉलमचे, कमांडर कॅप्टन अभ्यंकर. पुण्याचे, वय सत्तावीस, चांगला ऑफिसर. जवानांच्या आधी जेवत नसत. त्यांच्या हातात टॅबलेट होता, माझ्या काखेत कागदी शीट.

०९१५ ला आम्ही नदीच्या काठावर पोचलो. पलीकडे एक वाडी. चौतीस माणसं शाळेच्या छतावर. वाडीच्या वरच्या अंगाला तलाव आणि त्याचा बांध पाझरू लागलेला. पाटबंधाऱ्यांचे इंजिनिअर म्हणाले, दोन वाजेपर्यंत टिकेल. कशावरून, असं मी विचारलं. ते म्हणाले, अंदाज. निदान त्यांनी त्याला अंदाज तरी म्हटलं.

समोर नदीला जोराची धार होती. तिथून बोटी घालणं म्हणजे बोटी गमावणं.

"गायकवाड साहेब," कॅप्टन टॅबलेट पुढे करत म्हणाले, "वर तीन किलोमीटरवर पूल आहे. हाय लेव्हल. गाड्या थेट पलीकडे."

"सर, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे."

"कुठे? मला नाही दिसत."

"माझ्या कागदावर आहे, सर."

"साहेब, हा सरकारी डेटा आहे."

"म्हणूनच, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागावले नाहीत. अख्खा कॉलम तिकडे नेला आणि पूल नसला तर दीड तास वाया जाणार होता. पूल असला आणि आम्ही गेलो नाही, तर चौतीस माणसं. मी म्हणालो, आधी जीपने रेकी पाठवू. पोचय्या आणि ड्रायव्हर. ही सूचना माझी होती. अहवालातही मी ते वाक्य असंच लिहिलं आहे.

जीपमध्ये बसताना पोचय्याने वरच्या खिशावर थाप मारली. "साब, रबर साथ है. मिटा दूँ क्या?"

"पहले पुल पे खड़ा हो."

"हौ साब," तो म्हणाला. वेळ १००५.

तो गेल्यावर मल्लय्या आला. ताडी काढणारा, साठीचा, कमरेला अजून चढायचा दोर. तो सकाळपासून पोलिसांना काहीतरी सांगत होता आणि पोलीस त्याला मागे ढकलत होते. त्याच्याजवळ ओळखपत्र नव्हतं. मी त्याला शीटजवळ बोलावलं.

"पुल के बातां नक्को साब," तो म्हणाला. "वो ताड़ के झाड़ां दिखते ना? उनके नीचे पत्थर की मेंड है. धार वहाँ टूटती. मेरा बाप वहीं से भैंसां लाता था."

आमच्यापासून आठशे मीटर खाली, पाण्याच्या कडेला ताडांची रांग उभी होती. मी त्याच्यावरही लगेच विश्वास ठेवला नाही. शीट पाहिली. जुन्या सर्व्हेवाल्यांनी तिथे ओळीने ताडाच्या खुणा काढल्या होत्या आणि त्यांच्याखाली खडकाची कड. साठ वर्षांपूर्वी कोणीतरी तिथे पाय ठेवून आलं होतं. पोर्टलवर ताड नव्हते. ताडांचं उद्घाटन करता येत नाही.

१०४० ला वायरलेस बोलला.

"कंट्रोल, अल्फा. पुल के ग्रिड पे हूँ. ओव्हर."

"पुल कैसा है? ओव्हर."

"पुल नहीं है. दो खंबे हैं और एक पत्थर है. पत्थर पे नाम बहुत हैं. ओव्हर."

कॅप्टननी हँडसेट माझ्या हातातून घेतला. "अल्फा, कन्फर्म करो. पूरा पुल नहीं है? ओव्हर."

"साब, मैं खड़ा हूँ. देख के नहीं बोल रहा. ओव्हर."

"वापस आओ. आऊट."

कॅप्टननी टॅबलेट बंद करून जीपच्या जागी पडलेल्या खोक्यावर ठेवला. "ताडांकडे, साहेब?"

"हो, सर."

१११० ला पहिली बोट ताडांच्या आडोशाने पाण्यात गेली. पुढे मल्लय्या. त्याला लाइफ जॅकेट घालायला दोन जवान लागले. धार खरंच तिथे फुटत होती. पाच फेऱ्या झाल्या. एका बाईने कुकर सोडायला नकार दिला. त्यात भात होता. कुकरसकट घेतली. १३२५ ला शेवटचा माणूस अलीकडे आला. १३५० ला बांध फुटला आणि शाळा दिसेनाशी झाली. इंजिनिअरांचा अंदाज दहा मिनिटांनी चुकला होता.

मधल्या काळात, ११०५ ला, पोचय्याचा आणखी एक संदेश आला होता.

"कंट्रोल, अल्फा. रस्ते पे पानी है, घुटने तक. जाते वक्त नहीं था. पैदल चेक करता हूँ. ओव्हर."

"अल्फा, संभल के. ओव्हर."

"हौ साब. आऊट."

हा रस्ता नकाशावर होता आणि जमिनीवरही होता. त्याच्याविषयी माझ्या शीटवर प्रश्नचिन्ह नव्हतं. त्याखालची मोरी मात्र मधल्या अर्ध्या तासात वाहून गेली होती आणि वरचं डांबर तसंच उभं होतं. ड्रायव्हरने नंतर सांगितलं: पोचय्या लाल-पांढरी सर्व्हेची काठी टेकत वीस पावलं पुढे गेला. मग त्याने काठी आडवी धरली, म्हणजे थांब. ड्रायव्हरने ब्रेक लावला. त्यानंतर पाण्यावर नुसती काठी दिसली, मग तीही दिसली नाही.

ड्रायव्हर वाचला तो त्या आडव्या काठीमुळे.

पोचय्या दुसऱ्या दिवशी १६०० ला दीड किलोमीटर खाली बाभळींच्या कुंपणात सापडला. वरच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत पेन्सिलीचा तुकडा आणि खोडरबर होतं. दोन्ही कोरडी.

त्याला गावी न्यायला कॅप्टन आणि मी गेलो. कॅप्टन त्याच्या वडिलांसमोर जमिनीवर बसून राहिले. परतताना गाडीत ते एवढंच म्हणाले, "तुमचं टिपण मला कुणी दाखवलंच नव्हतं, साहेब." मी म्हणालो, "जीप मी पाठवली होती, सर." तेराव्याला पोचय्याच्या बायकोने, लक्ष्मीने, ती पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाली, हे त्यांच्या ऑफिसचं आहे.

पोर्टलवर नागरिकांच्या सूचनांसाठी एक रकाना आहे. निवृत्तीनंतर मी त्यात रीतसर सूचना भरली: ग्रिड रेफरन्स, दोन खांबांचा फोटो, कोनशिलेचा फोटो, आणि एक ओळ की या ठिकाणी पूल नाही, पूर आल्यास कोणी इकडे येऊ नये. एक नंबर मिळाला. तीन स्मरणपत्रं पाठवली.

वर्षश्राद्धाच्या सुमारास जिल्ह्याने कार्यक्रम ठेवला. लक्ष्मीला शाल मिळाली. मल्लय्याला बोलावलं नव्हतं. तो स्वतःच आला आणि मागे उभा राहिला. भाषणात सांगितलं गेलं की या वीराचं नाव जिल्ह्याच्या नकाशावर कायमचं राहील. टाळ्या झाल्या. मला सवयीने शंका आली, पण अशा वेळी शंका घेणं बरं दिसत नाही.

पुढच्या आठवड्यात मोबाइलवर संदेश आला. माझी सूचना निकाली काढली होती आणि संबंधित पुलाची माहिती अद्ययावत केली होती. मी चष्मा लावून पोर्टल उघडलं. रेषा होती तशीच, जाड आणि काळी. खाली नाव आलं होतं: हुतात्मा नायक पोचय्या सेतू.

माझ्या कागदी शीटवर तिथे अजून प्रश्नचिन्ह आहे. खोडरबर टेबलाच्या खणात असतं.

पूल अजून बांधलेला नाही.