दाजींचे केसांचे उपाय

माझ्या मेडिकलच्या दुकानात कितीही गर्दी असो, दाजी सरळ काउंटरपाशी येत, टोपी काढत आणि मान खाली घालून टाळू माझ्यासमोर धरत. "बघ गं सुनंदा, काय फरक हाय का?" माझ्या हातात कुणाच्या तरी तापाची चिठ्ठी असायची. मी न बघताच "नाही" म्हणायचे. मग ते शेजारच्या अनोळखी गिऱ्हाइकाकडे वळत. "पावणं, तुमी बघा. हिची नजर अधू हाय."

सर्जेरावदाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. शिरोलीच्या एका फाउंड्रीत तयार माल तपासायचं त्यांचं काम. ओतून आलेल्या लोखंडी भागात सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं तरी तो भाग ते बाजूला काढत, मग मालक कितीही विनवो. एवढा कडक माणूस, पण डोक्याला लावायच्या वस्तूची काडीचीही तपासणी करत नसे. बसमध्ये शेजारच्यानं सांगितलं, एवढं त्यांना पुरायचं. मी काही बोलायला गेले की त्यांचं उत्तर ठरलेलं : "गुण न्हाय आला तर न्हाय. पर अपाय तर न्हाय की?"

अपाय व्हायचा. महिनाभर ते कांद्याचा रस चोळून कामावर जात होते, तेव्हा अक्का पलीकडच्या खोलीत झोपायची, हा सगळ्यात किरकोळ अपाय. हुपरीच्या बाजारातून आणलेल्या एका लेपानं त्यांच्या टाळूवर फोड आले. मलम मीच दिलं. डोक्याला पट्टी गुंडाळून बसलेले दाजी मला समजावत होते, "फोड आलं म्हंजे औषध आत पोचालंय." मी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी मीच त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी नीट तपासलं, रक्तदाब बघितला आणि डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल लिहून दिलं. सुरुवातीला काही आठवडे केस जास्त गळतील, घाबरायचं नाही. फरक दिसायला काही महिने लागतील, सगळ्यांना दिसतोच असं नाही. आणि सोडलं तर आलेले केसही जातील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. घरी येताना रिक्षात मी ते दाजींकडून तीनदा म्हणवून घेतलं. पाचव्या आठवड्यात दाजी कागदाची पुडी घेऊन दुकानात आले आणि काउंटरवर उलटी केली. त्यात केस होते. "मोज. तू केस आणायचं औषध दिलंयस का काढायचं?" मी म्हटलं, हेच सांगितलं होतं ना? त्यांनी बाटली परत द्यायला पुढं केली. उघडलेली बाटली मी घेत नाही म्हटल्यावर रागावून आठ दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत.

पुढं अचानक त्यांचं टाळू दाखवणं बंद झालं. दुकानात येत, चहा घेत, जात. एकदा मला वाटलं, टकलाच्या कडेचे केस जरा दाट दिसतायत. पण विचारलं असतं तर पुन्हा तेच पुराण सुरू झालं असतं, म्हणून मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

वर्षभरानं अक्का म्हणाली, ह्यांना लघवीला सारखं उठावं लागतंय, तुला सांगू नको म्हणालेत. मेव्हणीजवळ असलं काही बोलायची त्यांना लाज. मग अक्काच्या मुलाकरवी, माझ्या भाच्याकरवी, त्यांना लघवीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी प्रोस्टेट ग्रंथीसाठी रक्ताची पीएसए तपासणी केली; हा आकडा मर्यादेबाहेर गेला की कॅन्सरची शंका घेतात. दुसरी कुठली औषधं चालू आहेत का, असंही विचारलं. दाजी म्हणाले, न्हाय. आकडा मर्यादेच्या थोडा आत होता. सध्या काळजीचं कारण नाही, काही महिन्यांनी पुन्हा या, असं सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलं. अक्कानं पेढे वाटले.

त्याच आठवड्यात मी तिच्याकडे गेले असताना कपडे धुवायला काढताना तिला दाजींच्या शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी सापडली. "ही कसली गं?" तिनं विचारलं. मी नाव वाचलं. फिनास्टराइड. केसांसाठी देतात, पण डॉक्टरांच्या सल्ल्यानं. आणि ती पीएसएचा आकडा जवळजवळ निम्म्यावर आणते. म्हणजे रिपोर्टवरचा आकडा खरा नव्हता.

दाजी कामावरून आल्यावर मी पट्टी पुढं ठेवली. फाउंड्रीतल्या एकानं मोबाइलवरून मागवून दिल्या होत्या; वर्ष होत आलं होतं. मी चिठ्ठी मागितली असती म्हणून माझ्यापासून लपवलं.

"डॉक्टरांपासून कशाला लपवलंत?" मी विचारलं.

"लपवलं कुटं? त्यांनी औषध इचारलं. मी काय आजारी हाय म्हणून खातोय व्हय? आन् केस वर, ते खाली. त्येचा काय संबंध?"

मी संबंध सांगितला. माझा आवाज चढला होता. आयुष्यात पहिल्यांदाच मी दाजींवर ओरडले असेन. अक्का रडायला लागली. दाजी पट्टीकडे बघत हळूच म्हणाले, "बिद्रीजवळ आमच्या गावात आमचं घर इचारलंस तर कोण आडनाव सांगत न्हाय. टकल्याचं घर म्हंत्यात. आजा टकल्या, बा टकल्या. शाळेत माझ्या डोक्यावर रान हुतं, तरी मी टकल्याचाच. पोराच्या वरातीत तरी..." भाच्याला मुली बघणं चालू होतं, हे मला माहीत होतं. या माणसाला इतकी वर्षं मी फक्त वैतागत आले होते.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी जुना आकडा दुप्पट धरला, गोळी थांबवायला सांगितली आणि पुढच्या तपासण्या केल्या. त्यांत गाठ दिसली, ती कॅन्सरची निघाली, पण प्रोस्टेटच्या बाहेर गेली नव्हती. ऑपरेशन झालं. आज दाजी बरे आहेत, तपासणीला वेळेवर जातात, आणि डोक्याचं मैदान झालंय.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची एक गोष्ट सांगायची राहिली. दाखल करून घेताना वॉर्डात सिस्टर फॉर्म भरत होती. चालू असलेली किंवा नुकती बंद केलेली सगळी औषधं सांगा, म्हणाली. वॉर्डात आठ-दहा माणसं, त्यांचे नातेवाईक. दाजींनी माझ्याकडे बघितलं, अक्काकडे बघितलं, आणि फाउंड्रीत यंत्रांच्या आवाजावर बोलतात तशा आवाजात सांगितलं, "फिनास्टराइड. केसाची गोळी. वर्षभर खाल्ली, आता बंद हाय. टक्कल पडालतं म्हणून."

कुणीतरी हसलं. शेजारच्या खाटेवर मुतखड्यासाठी आलेले एक गृहस्थ होते, गळ्याला मफलर, कपाळ थेट टाळूपर्यंत गेलेलं. ते जरा पुढं सरकले आणि दबक्या आवाजात विचारलं, "गुण आला का?"

"थोडा आलता," दाजी म्हणाले. "पर ते जाऊ दे, पावणं. तुमी कायतरी घेताय का?"

ते गृहस्थ भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सिस्टर आमचा फॉर्म पुरा करून निघाली, तशी त्यांनी मान वळवली.

"सिस्टर," ते म्हणाले, "माझं एक लिहायचं राहिलंय."