परवानगी घेऊन कुलूप उघडणाऱ्या अक्का

अक्का गेल्याचा निरोप मला अक्कांच्याच फोनवरून आला. ‘आई सकाळी गेली. रेखा.’ एवढाच. मी तो दोनदा वाचला आणि त्यावर विश्वास ठेवला नाही. घाईचा किंवा वाईट बातमीचा निरोप आला, तर तो ज्या फोनवरून आला त्याला उत्तर द्यायचं नाही, आपल्याला पाठ असलेला नंबर आपण फिरवायचा, हे मला अक्कांनीच बजावलं होतं. म्हणून मी धुळ्याच्या घरचा जुना नंबर लावला. त्यांच्या मुलीने, रेखाने, उचलला. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, “मामी, खरं शे.” … तिला माहीत होतं मी का फोन केला ते.

मुलांनो, याला आता सहा आठवडे झाले. सिंधूअक्का म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहीण, माझ्या नणंद. तुमच्यासाठी लिहायला घेतलं, आणि मग वाटलं, वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या वाचकांनीही अक्कांना ओळखावं. कारण जळगाव-धुळ्यात त्यांच्याबद्दल एक चुकीची गोष्ट पसरली होती, आणि ती पसरण्यात माझा हात होता.

अक्का धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. त्या काळी ट्रंक कॉल हाताने जोडून द्यावा लागे. लग्नं ठरत, मोडत, कापसाचे सौदे होत, सगळं त्यांच्या कानाजवळून जाई. जोडून दिलं की आपण ऐकायचं नाही, हा तिथला नियम. जळगावच्या माझ्या माहेरची भांडणंसुद्धा त्यांना सहज ऐकता आली असती. मी एकदा चेष्टेत तसं म्हटलं, तर त्या चिडल्या. म्हणाल्या, ऐकता येतं म्हणून ऐकलं असतं, तर पहिल्याच महिन्यात नोकरी सोडून किराणा दुकान टाकलं असतं, तिथे गावाच्या भानगडी फुकट कळतात.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही सुट्टीला आला होतात. मीरा, तू त्यांना लॅपटॉपवर एक वेबसाइट दाखवलीस. तिथे हॅकिंग शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम कच्च्या वेबसाइट बांधून ठेवलेल्या असतात. एक फोडली की पुढची, जरा अवघड. अक्कांनी पहिला प्रश्न पोलिसांचा विचारला. तू म्हणालीस, ज्यांनी बांधलं त्यांनीच फोडायची परवानगी दिली आहे. अक्का खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या, “मंग माले शिकाड.” तेव्हा त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या.

तुम्ही परत गेलात, आणि माझ्या दुपारी त्यांच्या झाल्या. त्यांचं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, मी कॉलेजात इंग्रजी शिकवलेली. रोज तीन वाजता फोन. एकदा ‘पेलोड’ म्हणजे काय विचारलं. मी शब्दकोश उघडून सांगितलं, वाहून न्यायचा माल. त्या म्हणाल्या, बरोबर, नरडाण्याच्या कारखान्याच्या ट्रकने पावती सिमेंटची दाखवायची आणि ताडपत्रीखाली भलतंच न्यायचं, तसं. मी म्हटलं, असं माझ्या शब्दकोशात नाही. तर म्हणाल्या, “तुझा शब्दकोश सरळ माणसांनी लिहिलाय, मास्तरीण.”

हिंदीत शिकवणारा एक मुलगा फार भराभर बोले. त्याचा व्हिडिओ त्या निम्म्या वेगाने लावत, मग तो झिंगल्यासारखा बोले आणि अक्का मन लावून टिपणं काढत. शंका विचारायची एक जागा होती, तिथे जगभरची पोरं त्यांना ‘ब्रो’ म्हणत. एकाने तर ‘ब्रो, आधी बेसिक्स शिक’ असं सुनावलं. त्या रागावल्या नाहीत, दोन महिने बेसिक्स केले. कुठून शिकावं आणि कुठून नाही, याची त्यांची स्वतःची चाळणी होती. जो पहिल्या धड्यात परवानगीबद्दल बोलतो, तो मास्तर. जो नवऱ्याचा फोन एका दिवसात उघडून देतो म्हणतो, त्याचं पान तिथेच बंद. असली पानंच जास्त आहेत, हेही त्या सांगत.

आता ती गोष्ट. आमच्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा दरवर्षी जळगावला भरतो आणि त्याची सचिव मी. गेल्या वर्षी आम्ही अर्ज वेबसाइटवर घ्यायचं ठरवलं. अर्जाची पानं दोन. पहिलं पुस्तिकेत छापायचं: शिक्षण, उंची, मामाचं कूळ. दुसरं फक्त कार्यकारिणीने पाहायचं: आजार, आधीचं लग्न, ते का मोडलं, सध्याचा पत्ता. तुम्हाला माझी शिस्त माहीत आहे. प्रत्येक अर्जाला ओळीने क्रमांक हवा, मध्ये एकही गाळायचा नाही, असं वेबसाइट करणाऱ्याला मी बजावून सांगितलं. त्याने तसंच केलं.

मेळाव्याला आठ दिवस उरले असताना अक्कांनी शिंदखेड्याच्या पुतणीचा अर्ज भरला. भरलेला अर्ज समोर आला, तेव्हा पडद्यावर वर दिसणाऱ्या वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी तिचा क्रमांक दिसत होता. अक्कांनी सरावाने त्यातला एक आकडा कमी केला, आणि दुसऱ्याच मुलीचं दुसरं पान उघडलं. ना पासवर्ड, ना काही. त्यांनी ते लगेच बंद केलं आणि मला फोन लावला.

मला राग आला. मुलींची पानं उघडी आहेत याचा यायला हवा होता. मला आला तो त्यांनी ते पाहिलं याचा. त्या सांगत होत्या, वाचलं नाही, एकच उघडलं, तेही विचारल्याशिवाय उघडायला नको होतं. मी म्हणाले, अक्का, या वयात दुसऱ्याच्या घरात डोकावायचे धंदे शोभत नाहीत. मग त्या म्हणाल्या, “दार उघडं शे, आन तू माले चोर म्हनस?” … माझ्याशी त्या नेहमी शुद्ध मराठीत बोलत. अहिराणी आली की समजायचं, लागलंय.

कार्यकारिणीच्या बैठकीत मी हे सांगितलं, पण कसं, ते महत्त्वाचं. क्रमांकांची कल्पना माझी होती, हे मी बोलले नाही. अध्यक्ष नाना म्हणाले, बोभाटा झाला तर कोण अर्ज भरेल, आणि पुस्तिकेत तर आपण छापतोच की. एकाने विचारलं, म्हातारीला हे उद्योग शिकवतं कोण. सगळे हसले. प्रोसिडिंग बुकात मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘बाहेरच्या व्यक्तीने वेबसाइटशी छेडछाड केली. समज देण्यात यावी.’ खाली सही माझीच. तिथूनच ते गावभर झालं. पुतणीला पाहायला येणारी मंडळी आली नाहीत.

तिसऱ्या दिवशी अक्का धुळ्याहून बसने माझ्या दारात. आल्या आल्या पाणीही न घेता म्हणाल्या, एक अर्ज भर, तुझ्याच नावाने. मग एक कोरा कागद पुढे केला आणि त्यावर लिहून मागितलं, की मी, संस्थेची सचिव, ही तपासणी माझ्यासमोर करायला परवानगी देते. मी लिहून दिलं. तरी त्यांनी हात मांडीवरच ठेवले. म्हणाल्या, “आकडा तू बदल. मी बोट लावणार नाही.”

मी बदलला. समोर आली माझी जुनी विद्यार्थिनी. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून पहूरला मामाकडे राहत होती. तो पत्ता कुणालाही देऊ नका, असं ती मला समोर बसून सांगून गेली होती, आणि मी तिला शब्द दिला होता. तो पत्ता गल्लीचं नाव आणि दाराच्या खुणेसकट माझ्या पडद्यावर होता. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. एवढंच म्हणाल्या, “झालं ना बघून? बंद कर आता.”

तासाभरात मी वेबसाइट बंद करायला लावली. नाना कुरकुरले. त्या वर्षी मेळावा कागदी अर्जांवर झाला. त्या विद्यार्थिनीला मी स्वतः जाऊन सांगितलं. तिने पत्ता बदलला, आणि माझ्याशी ती आता पूर्वीसारखी बोलत नाही. तो तिचा हक्क आहे.

राहिली ती प्रोसिडिंग बुकातली ओळ. अक्कांनी एकदाच विचारलं, ते वाक्य बदललं का. मी म्हणाले, पुढच्या बैठकीत. पुढची बैठक लांबली, त्यापुढच्या बैठकीत विषय निघाला नाही… खरं सांगायचं तर मी काढला नाही. तीन वाजताचा फोन येत राहिला. शब्दांचे अर्थ त्या विचारत राहिल्या. ते वाक्य त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

चौदाव्याला धुळ्याला गेले, तेव्हा रेखाने मला त्यांच्या खोलीत नेलं. टेबलावर त्यांची शाळेच्या वहीसारखी वही होती. तपासायची परवानगी असलेल्या वेबसाइटवर सापडलेलं प्रत्येक भोक त्यात उतरवलेलं, आणि समोर दोन रकाने: ‘कळवलं’ आणि ‘बुजलं’. आतल्या पुठ्ठ्यावर त्यांनी स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं, ‘बुजलं’ची खूण दुरुस्त करणाऱ्याने करायची नाही, शोधणाऱ्याने पुन्हा तपासून करायची. आमच्या मेळाव्याचं नावही एका ओळीत होतं. ‘कळवलं’समोर खूण होती. ‘बुजलं’ रिकामं. वेबसाइट तर केव्हाच बंद झाली होती, आणि ते त्यांच्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

मागच्या रविवारी बैठक झाली. मी उभी राहून ती जुनी नोंद वाचली, आणि मग तिच्याखाली लिहायची दुरुस्ती वाचली: क्रमांकांची रचना सचिवांच्या आग्रहाने झाली, धोका श्रीमती सिंधूताईंनी वेळीच लक्षात आणून दिला, त्यांच्याविषयी लिहिलेलं वाक्य चुकीचं होतं. नाना म्हणाले, “बाई, आता त्या नाहीत, कोणासाठी एवढं?” मी म्हटलं, शिंदखेड्याला त्यांची पुतणी आहे. नानांनी सही केली. त्या पानाची प्रत मी दुसऱ्या दिवशी स्वतः शिंदखेड्याला नेऊन दिली.

वही रेखाने मला देऊन टाकली आहे. काल दुपारी तीनला मी ती उघडून बसले, हातात पेन घेऊन. ती ओळ सापडली, रिकामा रकानाही… मग पुठ्ठ्यावरचं त्यांचं अक्षर पुन्हा वाचलं आणि पेनाला टोपण लावलं. ती खूण त्यांनी करायची होती.