रुमालाखालचा आकडा

माझे वडील, आबा, बेल्ह्याच्या बाजारात बैलांचे व्यापारी. लघवीतून रक्त गेलं म्हणून सोनोग्राफी केली, तर मूत्राशयात गाठ निघाली. डॉक्टरांना कॅन्सरचा संशय आला आणि त्यांनी एमआरआयसाठी पुण्याला पाठवलं. गाठ मूत्राशयाच्या स्नायूत शिरली असेल तर मूत्राशयच काढावं लागण्याची शक्यता होती, आणि मग लघवीसाठी पोटावर कायमची पिशवी.

"पिशवी लावून मी बाजारात उभा ऱ्हाणार न्हाई," आबांनी आमच्या गावाहून, पिंपरी पेंढारहून निघतानाच सांगून टाकलं.

मला लहानपणापासून नसत्या चौकशांची खोड. फोटो वाचणाऱ्या डॉक्टरबाईंना मी इतकं विचारलं, की शेवटी त्यांनी मला स्क्रीनसमोरच बसवलं. मूत्राशयाच्या भिंतीतला स्नायू काळ्या रेघेसारखा दिसतो. गाठ त्या रेघेच्या अलीकडे आहे की तिने रेघ तोडली आहे, एवढंच बघायचं. त्यावरून एक ते पाच असा आकडा द्यायचा. एक म्हणजे स्नायूत शिरली नसणार हे जवळजवळ नक्की, पाच म्हणजे रेघ ओलांडून बाहेर गेल्याची दाट शक्यता, आणि तीन म्हणजे सांगता येत नाही. हे 'सांगता येत नाही' त्यांनी मोजपट्टीतच घालून ठेवलंय, याचं मला फार नवल वाटलं.

"तुमच्या वडिलांचा दोन," बाई म्हणाल्या. "स्नायू बहुतेक शाबूत आहे. कोणत्या फोटोत काय बघायचं ते सगळीकडे ठरलेलं असतं, त्यामुळे वाचणारा बदलला तरी आकडा सहसा बदलत नाही. पण हा अंदाज. खात्री दुर्बिणीनं काढलेल्या तुकड्यावरूनच होईल."

गाडीत मी आबांना सगळं उत्साहानं सांगितलं. त्यांना ते लगेच पटलं. व्यापारी बैलाच्या वयाबद्दल कितीही शपथा घेवो, तोंड उघडलं की दोन दाती, चार दाती, सहा दाती हे सगळ्यांना सारखंच दिसतं. आबांचा चेहरा मात्र खुलला नाही.

"चांगलं सांगणाऱ्याचं जनावर दोनदा बघावं," ते म्हणाले.

"बाईंना काय तुम्हाला बैल विकायचाय?"

"दुसऱ्या डॉक्टरकडं फोटो ने. पर दात सांगायचे न्हाईत. नुसतं तोंड उघडून द्यायचं."

म्हणून आठवड्यानं आम्ही दुसरीकडे गेलो. तिथल्या डॉक्टरांनी आधीचा रिपोर्ट मागितला. मी खरं ते सांगितलं, की आहे, पण वडिलांनी दाखवू नको म्हटलंय. ते हसले आणि फोटोंची सीडी घेऊन आत गेले. बाहेर आबा बाकावर माणसांच्या दाटीत बसले होते. मला मनातून भीती वाटत होती. आकडा वेगळा आला तर कुणाचा खरा मानायचा?

डॉक्टरांनी मला आत बोलावून आकडा सांगितला. बाहेर आलो तर आबांनी खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला आणि हात पुढे केला. बाजारात चारचौघांना भाव कळू नये म्हणून रुमालाखाली बोटं दाबतात, तसा. मी जन्मात कधी सौदा केलेला नाही. रुमालाखाली त्यांच्या तळहातावर दोन बोटं दाबली. त्यांनी ती चाचपून पाहिली आणि म्हणाले, "चल, चहा घेऊ."

पुढे दुर्बिणीनं गाठ काढली आणि तुकडा तपासायला गेला. निकालाचा फोन आला तेव्हा आबा घरीच, अंगणात होते. दावणीच्या एका बैलासाठी दोन व्यापारी आले होते आणि बोलणी चालली होती. मी जवळ गेलो. आबांनी बोलणं न थांबवता रुमाल हातावर टाकला.

मी हात आत घातला आणि अडलो. गाठ स्नायूत शिरलेली नाही, मूत्राशय काढायचं नाही, याला कुठलं बोट दाबतात? मी त्यांचा सगळा पंजाच धरला. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि माझी बोटं घट्ट दाबली. मला हसू आणि रडू एकदमच येत होतं.

व्यापाऱ्यांना वाटलं, बाप-लेकाचं बैलाच्या भावावर काही चाललंय. "काय राव, कितीला सोडताय?" एकानं विचारलं.

"न्हाई सोडत," आबा म्हणाले. "आता आपल्यापाशीच ऱ्हाणार."