रेतीच्या पिशवीवरचा नकाशा

वहिनीचा फोन आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मी खालापूरच्या आमच्या दुकानात मशीनवर बसून एका टेंपोच्या सीटकव्हरला शिवण घालत होते. "वन्सं, तुमचे दादा गेले," एवढंच त्या म्हणाल्या. सांगायला लाज वाटते, पण माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा : "कुणाची गाडी काढली होती त्यानं?" वहिनी म्हणाल्या, "गाडी कुठली आता? जेवून आडवे झाले, ते उठलेच नायत." या गोष्टीला पाच आठवडे झाले. दुःख हळूहळू निवतंय, पण तो प्रश्न मात्र मला सोडत नाही. सख्ख्या भावाच्या मरणाच्या बातमीवरसुद्धा मी आधी संशयच घेतला.

काशिनाथदादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. कशेळ्याजवळच्या आमच्या गावात थोडी भातशेती होती, पण दादाचं मन चिखलणीत कधी रमलं नाही. विशीतच तो ट्रकवर गेला आणि पुढं स्वतःची सहाचाकी गाडी घेतली. वीटभट्ट्यांच्या विटा, खडी, नंतर गोदामांचा माल, मिळेल ते तो वाहायचा. कुणी रस्ता विचारला तर तो गावांची नावं सांगत नसे. "मोरी उतरलास की जांबळीपाशी डावीकडं मार, तिथं गाडी आपोआप हळू होते बघ," असं त्याचं असे. असा माणूस दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मुलीचा जुना टॅब काखेत घेऊन माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "मंदे, हे गाडीत बसवायला कायतरी कर गं. नकाशा लावायचाय."

मी हसले. "तुला रे कशाला नकाशा?" तर म्हणाला, "नवी नवी गोदामं झालीत. रस्तं बदललं." उत्तर पटण्यासारखं होतं, पण ते देताना तो माझ्याकडं बघत नव्हता. बाजारात मिळणारा स्टँड त्याला नको होता. त्याची काचेला चिकटवायची रबरी वाटी खड्ड्यांत सुटते, म्हणाला. मग आम्ही दोघांनी मिळून तो घरीच बनवायचा ठरवला. उरलेल्या काळ्या रेक्झिनची मी उशीएवढी पिशवी शिवली. आधी तिच्यात भाताचं तूस भरलं, तर ती खड्ड्यागणिक उडायला लागली. मग दादानं नदीची रेती धुऊन, वाळवून आणली. ठासून भरली तर पिशवी लोळायची. पाऊण भरली, तेव्हा कुठं ती डॅशबोर्डवर अंग टाकल्यासारखी बसली. वर प्लायवूडचा तुकडा, त्याला टॅब अडकेल अशी खाच, खाचेला ट्यूबच्या रबराचं अस्तर, आणि सगळं आवळायला जुन्या दप्तराचा पट्टा. चार दिवस आम्ही लहानपणी मातीचे बैल करायचो तसे त्यात गुंतलो होतो. इतकी वर्षं माझ्या दुकानात तो कधी एवढा बसला नव्हता.

पण पाचव्या दिवशी तो परत आला. पिशवी मधोमध नको, उजवीकडं सरकव. सरकवली. आठवड्यानं पुन्हा हजर : अजून उजवीकडं घे, उंची वाढव. मी त्याच्या सीटवर बसून पाहिलं तर टॅब थेट स्टिअरिंगच्या समोर येत होता. "दादा, अरे पुढचा रस्ता झाकतोय याच्यानं." "झाकू दे," तो म्हणाला. झाकू दे! हे वाक्य मी रात्रंदिवस घोळवत राहिले. तीस वर्षं गाडी चालवलेला ड्रायव्हर असं बोलतो कसा? वहिनींना वेगळाच संशय. त्या एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यात ती बाई बोलते, ती कोन वो? घरी पन कानाशी धरून ऐकत बसतात." नकाशाचा आवाज आहे तो, असं सांगितल्यावर त्या ओशाळून हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. घरात बसून माणूस नकाशा कशाला ऐकेल?

त्या दिवसापासून मी त्याच्यावर पाळत ठेवायला लागले. दुसरा शब्द नाही त्याला. एकदा दुकानात त्याच्या डाव्या कोपराशी चहा ठेवला आणि मी कातरकाम करत राहिले. थोड्या वेळानं तो म्हणाला, "आज चहा नाय केलास का गं?" कपातून वाफ येत होती. मी कप उचलला आणि त्याच्या उजवीकडं ठेवला. त्यानं तो घेतला, पण नंतर बराच वेळ मान वळवून माझ्याकडं बघत राहिला. मी पाळत ठेवतेय हे त्याला तेव्हाच कळलं असणार.

मग मी मुद्दामच एका सकाळी त्याच्या ट्रकमधून माहेरी निघाले. कर्जत सोडलं. सपाट रस्ता, गाडी बेताची. मी त्याच्याकडं बघत होते आणि तो टॅबकडं. काचेतून नाही, टॅबमधून रस्ता बघत होता तो! निळी रेघ वळली की हात वळत. कशेळ्याचा बाजार जवळ आला आणि डावीकडून एक बाई डोक्यावर करवंदांची टोपली घेऊन रस्त्यात उतरली. मला वाटलं, तो आता ब्रेक मारेल... आता मारेल... मग मी किंचाळले. गाडी थांबली ती तिच्यापासून हातभर अंतरावर. रेतीची पिशवी घसरून माझ्या पायाशी आली, टॅब पालथा पडला. बाई बोनेटवर थापा मारून शिव्या देत होती, टोपली सांडली होती, लोक धावत आले होते. आणि दादा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून म्हणत होता, "आधी ते उचल. मंदे, आधी ते उचल."

तेव्हाच विचारायला हवं होतं. नाही विचारलं. शिवण उसवली आहे असं सांगून मी पिशवी काढून घेतली आणि दुकानात माळ्यावर टाकली. तो रोज फोन करी, आणि मी रेक्झिन संपलंय, दोरा मिळत नाही, अशी कारणं देई. आठव्या दिवशी तो स्वतःच आला. "पिशवी दे." मी नाही म्हणाले. "तुझं कान कुनी भरलं?" त्यानं विचारलं. मी खाली मान घालून मशीन चालवत राहिले. तो गेल्यावर वहिनींना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी गाडीची चावी तांदळाच्या डब्यात लपवली आणि त्याला कर्जतला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याला नळीतून बघावं तेवढंच उरलेलं. गेलेली नजर परत येणार नाही, म्हणाले.

ट्रक विकला. त्यानंतर दादाचाच सगळ्यांवरचा संशय वाढला. वहिनी डोळ्यांत औषधाऐवजी पाणी घालतात, डॉक्टर घाबरवतो, शेजारी हसतात, असं काहीबाही बोलायचा. माझ्याशी तर बोलणंच बंद. भाऊबीजेला मी ओवाळलं तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले होते. वर्ष गेलं असं.

आणि गेल्या उन्हाळ्यात तो एकटा दोन गाड्या बदलून खालापूरला आला. दारातच उभा राहून म्हणाला, "तूच सांगितलंस ना तिला?"

"हो."

"मग मला का नाय इचारलंस आधी?"

"तू खरं सांगितलं असतंस?"

तो आत आला. मग खुर्ची चाचपून बसला. "नसतं सांगितलं," म्हणाला. "पन तू इचारायला पायजे होतंस गं. मी वाट बघत हुतो. पिशवी शिवताना रोज वाटायचं, आज इचारेल." मला रडू फुटलं. त्यानं ते पाहिलं की नाही, ठाऊक नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "ती टोपलीवाली बाई रोज दिसते मला. तेव्हा नाय दिसली, आता दिसते."

जेवून तो निघाला. मी स्टँडपर्यंत सोडायला गेले. रस्त्याच्या कडेला तो थांबला. जन्मात कुणाचा हात न धरलेला माझा भाऊ, त्यानं हात पुढं केला आणि म्हणाला, "तू डावीकडनं चाल. तिकडचं तू बघ." आम्ही दोघांनी मिळून रस्ता ओलांडला. तीच आमची शेवटची भेट.

आता एकटी रस्ता ओलांडते, तेव्हा माझा उजवा हात अंगापासून जरासा बाजूला निघतो आणि कुणीतरी धरेल म्हणून तसाच थांबतो.