जुनं मशीन, नवं खोकं

बहरीनला निघण्याआधीच माझ्या वहीची पानं भरली. शेजारपाजारच्यांनी काय काय आणायचं ते सांगितलं आणि मी नीट नावानिशी लिहून घेतलं: टेपरेकॉर्डर, अत्तर, घड्याळ, दूध पावडरचे डबे. प्रत्येकाने जाता जाता एकच पुस्ती जोडली, "खोक्यासकट आण हं!" वस्तूपेक्षा खोक्याची काळजी जास्त. माझं डोकं तापायला सुरुवात झाली ती वसईतच.

माझं स्वतःचं काम एकच होतं. आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी रेजिना हिच्यासाठी शिलाई मशीन आणायचं. रेजिनाचे वडील वारलेले. तिने शिवणाचा वर्ग पुरा केला होता आणि जूनच्या आधी शाळेच्या गणवेशांचं काम तिला मिळणार होतं, पण घरात मशीन असेल तरच. तिच्या मामाने, म्हणजे बहरीनला असलेल्या माझ्या भावाने, पास्कूने, मशीन पाठवायचा शब्द दिला होता. शब्द पत्रातून दर खेपेला येई, मशीन येत नसे. तेव्हा मी शिवण शिकवते त्या शाळेतून बिनपगारी रजा घेऊन मीच निघाले.

विमानातून समुद्र दिसला तो पोपटी आणि इतका उथळ, की तळाची वाळू ओळखू यावी. मध्ये सपाट, भुऱ्या रंगाचं बेट. जानेवारीत तिथे स्वेटर लागतो हे पास्कूने कळवलं नव्हतं. मुहर्रकच्या विमानतळाबाहेर मी कुडकुडत उभी राहिले आणि पहिलं वाक्य तेच ऐकवलं.

"बाय, आल्या आल्या सुरू झालीस?" पास्कू हसला. (आमच्यात थोरल्या बहिणीला बाय म्हणतात.)

पास्कू एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर, त्याची बायको लुसी इस्पितळात नर्स. दहा वर्षांची शेरन मराठी समजते, उत्तर मात्र इंग्रजीत देते. घर ईसा टाउनमध्ये, दोन खोल्यांचं. तिथली एकही खुर्ची दुसऱ्या खुर्चीची बहीण नव्हती, तरी प्रत्येक भक्कम होती. "हे सगळं गराज सेलचं," पास्कू अभिमानाने म्हणाला.

गराज सेल म्हणजे काय, ते पुढच्या शुक्रवारी कळलं. तिथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून रविवारची मिस्साही (चर्चमधली प्रार्थना) शुक्रवारी. मिस्सा आटोपली की हे कुटुंब जुन्या गाडीत बसून निघतं. नोकरीची मुदत संपलेले गोरे लोक मायदेशी परतताना घरातलं सामान गाडीच्या शेडमध्ये मांडतात आणि येईल त्याला विकतात. कोल्ड स्टोअरच्या (म्हणजे किराणा दुकानाच्या) दारावर चिठ्ठ्या लागतात. लुसी त्या आठवडाभर उतरवून घेते, पास्कू रस्ता ठरवतो, शेरन मागच्या सीटवरून घरांचे नंबर ओरडते. इतकं शिस्तीत चाललेलं काम मी आमच्या शाळेतही पाहिलेलं नाही.

आणि काय एकेक वस्तू! खिम्याचं हाताने फिरवायचं यंत्र, ओतीव लोखंडाचं, आजही सुरी लाजेल असं. बटणांनी भरलेला बिस्किटांचा डबा. चावीचं घड्याळ, उघडून पाहिलं तर आत पितळच पितळ. "आत्या, लुक! इट्स सो ओल्ड!" म्हणून शेरन प्रत्येक वस्तू माझ्या नाकाशी आणायची आणि मी, या वयात, तिच्याइतकीच हरखून जायची. सूकमध्ये (बाजारात) नव्या मिक्सरचं झाकण नुसतं दाबलं तर तडा गेला होता. त्या दुकानात मात्र आपल्या माणसांची झुंबड. संताप येणार नाही तर काय?

मशीन सापडलं ते अवालीला. अवाली म्हणजे वाळवंटातली तेल कंपनीच्या लोकांची वसाहत; बंगले, हिरवळ, कुंपणावर बोगनवेल. नवरा निवृत्त झालेली एक इंग्रज बाई शेडमध्ये स्टुलावर बसली होती. तिच्या शेजारी हातमशीन. काळंभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, लाकडी झाकण. मी चाक फिरवलं. आवाज म्हणजे मांजर गुरगुरावं तसा.

"तुम्हाला शिवता येतं?" बाईने इंग्रजीत विचारलं.

"येतं. पण हे माझ्या भाचीसाठी. ती यावर पोट भरणार आहे."

बाईने आपल्या ॲप्रनच्या बंदाला तिथल्या तिथे कात्री लावली आणि तुकडा माझ्यापुढे धरला. मी टीप घातली. तिने ती नखाने ओढून पाहिली, जशी मी मुलींची ओढून पाहते. "आईचं होतं," म्हणाली. "मुलींना नको आहे. त्यांना विजेचं हवं." मग आत जाऊन मशीनला लावायच्या पट्ट्या नि कापड दाबून धरणाऱ्या दाब-पायांचा डबा आणून, न मागता, माझ्या हातात ठेवला. घरी येईपर्यंत मी मशीन मांडीवरून खाली ठेवलं नाही.

घरी लुसीने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "बाय, आपल्यासाठी ठीक आहे. गावी कसं द्यायचं हे?"

"का? पाय मोडलाय त्याचा?"

"तुम्ही हसाल, पण पेटी सगळ्यांसमोर उघडतात. गल्फमधला मामा भाचीला जुनं देतो म्हणतील. तोंड मला दाखवायचंय तिथे."

दर शुक्रवारी जुन्या वस्तूंना मिठ्या मारणारा पास्कू वसईचं नाव निघताच भिंतीकडे बघायला लागला. मी दोघांना चांगलं फैलावर घेतलं. त्याने मान डोलावली. पटलं, असं मी समजले; तेलपाणी करून आणतो म्हणून त्याने मशीन नेलं तेव्हाही संशय आला नाही.

चार दिवसांनी संध्याकाळी तो घरी आला तो कारखान्यातून बाहेर पडल्यासारखं कोरं खोकं घेऊन. "बाय, सरप्राईज!" आत माझं मशीन. हिरवं! मोटारगाडीसारखं चकचकीत हिरवं! वेलबुट्टी नाही, काळं अंग नाही. चाक फिरवलं तर फिरेना. तेलाची भोकंसुद्धा रंगाने बुजली होती.

मी काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. शेरन पलंगावर पाय वर घेऊन बसली.

दुसऱ्या दिवशी पास्कूला पुढे घालून मी मीना सलमानला गेले. बंदराजवळच्या त्या भागात गोदामं आणि गाड्यांचे वर्कशॉप. रंगवणारा हमीदभाई निघाला रत्नागिरीचा, आणि मराठी ऐकून खूशच झाला.

"कसा झालाय रंग, ताई? तीन हात मारलेत. शेखच्या गाडीचा रंग हाय!"

"शेख त्या गाडीवर गणवेश शिवतो का? तेल कुठून घालायचं?"

हमीदभाईने मशीन फिरवून पाहिलं. डोकं खाजवलं. "भोकाचं कोण काय बोललंच नाय. पास्कू म्हणाला, नवीन दिसायला पायजे, खलास." (म्हणजे विषय संपला.)

"खलास ते मशीन होणार होतं!"

मी उभी राहून प्रत्येक भोक तारेने मोकळं करून घेतलं, रॉकेलने धुवून घेतलं, तेल घालून घेतलं. मशीन फिरलं. हमीदभाई पास्कूला म्हणाला, "भावा, पुढच्या टायमाला बहिणीला इचारून ये." चहा मात्र त्याने आग्रहाने पाजला. काळा रंग परत आणायला वेळ नव्हता. माझं विमान दुसऱ्याच दिवशी होतं.

विमानतळावर पास्कू हळूच म्हणाला, "बाय, जुनं म्हणून कोणाला सांगू नको. शप्पथ घे."

"मी शपथा घेत नाही," म्हटलं आणि आत गेले.

मुंबईला कस्टमच्या टेबलावर खोकं पाहताच अधिकाऱ्याने भुवया उचलल्या. "काय आहे, बाई?"

"शिलाई मशीन. जुनं."

"खोकं तर नवं दिसतंय."

"खोकं नवं आहे. मशीन जुनं आहे."

त्याने उघडलं. हिरवा रंग दिव्याखाली असा चमकला की शेजारच्या रांगेतले लोक वळले. अधिकाऱ्याने सहकाऱ्याला हाक मारली, "अरे ये, जुनं मशीन बघ!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, जकात चुकवायला लोक नव्या मालाला धूळ फासतात. जुन्याला नवं करून आणणारं माणूस या टेबलावर अजून आलेलं नाही. नव्याची जकात भरा."

बहरीन ते मुंबई दाबून ठेवलेला राग तिथे वर आला. मी किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्याच्यासमोर मशीनची बाजू खरवडायला लागले. हिरव्या कपच्या टेबलभर उडाल्या. आधी काळं अंग दिसलं, मग सोनेरी पान, मग त्याचा देठ. अधिकाऱ्याने चष्मा लावला. बोट फिरवलं.

"एवढं सुंदर होतं, तर रंगवलंत कशाला?"

"ते माझ्या भावाला विचारा."

तो खळखळून हसला, खोक्यावर खडूने फुली मारली. "न्या. आणि भावाला माझा नमस्कार सांगा."

वसईला संध्याकाळी अंगण भरलं. सगळ्यांची खोकी वाटून झाली, मग रेजिनाचं निघालं. "वा, मामाने काय झकास पाठवलंय!" शेजारची मेरीवहिनी म्हणाली, आणि लगेच तिची नजर खरवडीवर गेली. "हे काय? प्रवासात लागलं का?"

हो म्हटलं असतं तर पास्कूची अब्रू राहिली असती आणि विषय मिटला असता. मी म्हटलं, "लागलं नाही. मी खरवडलं. मशीन जुनं आहे, कुणा बाईच्या आईचं. चांगलं आहे म्हणून आणलं."

कोणीतरी घसा साफ केला. मेरीवहिनी माझ्या बहिणीकडे पाहून म्हणाली, "बहरीनहून जुनं?"

रेजिनाचं लक्षच नव्हतं. तिने दोरा ओवला होता. परकराच्या काठाला टीप घातली, नखाने ओढली, पुन्हा घातली. मग त्या सोनेरी पानावर अंगठा ठेवून तिने विचारलं, "मावशी, खाली सगळीकडे असंच आहे?"

"सगळीकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर ती रस्त्याकडच्या ओट्यावर मशीन घेऊन बसली होती, हिरवा रंग काढायला हातात रॉकेलची चिंधी. मिस्सा सुटून लोक येत होते, थांबून बघत होते. तिची आई आतून दबक्या आवाजात म्हणाली, "अगं, मागच्या दारी बस ना!"

"इथे उजेड चांगला आहे," रेजिना म्हणाली, आणि घासत राहिली.