रिबकेच्या डोक्यावरचा हंडा

अंबरनाथच्या कारखान्यात टर्नर असलेला धर्मराज बुवापाड्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत, पाळक येऊ शकले नाहीत की, रविवारचा संदेश द्यायचा. बायबलमधला त्याचा आवडता माणूस इसहाक. बाप अब्राहामासारखा थोर नाही, मुलगा याकोबासारखा धडपड्या नाही. आपल्यासारखाच अबोल, असं त्याला वाटे.

चौऱ्याऐंशी साली त्याने बदलापूरच्या कडेला जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या आणि विहीर खणली. पाणी गोड लागलं. सहा महिन्यांत शेजारच्या हरिचंद्रने विहीर आपल्या हद्दीत येते म्हणत तारेचं कुंपण घातलं. मंडळीतले लोक कोर्टात जा म्हणाले. धर्मराज गेला नाही. त्याने दुसऱ्या कोपऱ्यात खणलं; तिथे हरिचंद्रच्या पुतण्यांनी दगडमाती लोटली. तिसऱ्या जागी काळा कातळ लागला आणि खणणं थांबलं.

त्या रविवारी तो इसहाकाच्या विहिरींवर बोलला. पलिष्टी लोक पाण्यावरून भांडले तेव्हा इसहाकाने एक विहीर सोडली, मग दुसरी सोडली, आणि शेवटी देवाने त्याला ऐसपैस जागा दिली. लोकांनी माना डोलावल्या.

घरी आल्यावर त्याची बायको सुनेत्रा हंडा-कळशी घेऊन निघाली. सार्वजनिक विहीर रुळांपलीकडे होती.

"आज काही बोलली नाहीस," धर्मराज म्हणाला.

"काय बोलू? इसहाकानं विहिरी सोडल्या. पाणी कोण आणत होतं?"

"चाकर असतील."

"आपल्याकडे कुठे आहेत?" तिने चुंबळ डोक्यावर ठेवली. "इसहाकाची बायको रिबका तर विहिरीवरच भेटली ना त्यांच्या चाकराला? उंटांना पाणी पाजून दमली होती बिचारी. विहीर सोडताना तिला कुणी विचारलं होतं का, तेवढं बघा तुमच्या पुस्तकात."

ती गेली. धर्मराजने उत्पत्तीचा तो अध्याय काढून पुन्हा वाचला. भांडणारे गुराखी होते, विहिरींची नावं होती, राजाशी झालेला करारही होता. विहिरी सोडताना रिबकेला विचारल्याचं कुठे नव्हतं. इतकी वर्षं तिथे बोट ठेवून वाचलं, आणि आपल्याला तिची आठवणसुद्धा झाली नाही, हे त्याला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला जायच्या आधी त्याने हंडा उचलला. विहिरीवर एकदोघी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. खांद्यावरून आणताना निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. पण तो जात राहिला. गल्लीत नळ यायला पुढे बरीच वर्षं लागली. हरिचंद्रने कुंपण काही काढलं नाही, आणि धर्मराजनेही विहीर परत मागितली नाही.

पुन्हा संदेशाची वेळ आली तेव्हा त्याने तोच अध्याय घेतला. "इसहाकानं सोडलं ते चांगलंच केलं," तो म्हणाला. "पण त्याच्या सोडण्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर गेलं, ते आपण विचारायला हवं." मग दबक्या आवाजात त्याने रिबकेचं नाव घेतलं.

उपासना संपल्यावर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपैकी शशिकांतराव जवळ आले. "धर्मराज, शास्त्रात नाही ते सांगू नये."

"शास्त्रात नाही, म्हणूनच विचारलं," तो खालच्या आवाजात म्हणाला.

पुढे बरेच महिने त्याला कुणी बोलायला उभं केलं नाही. त्याला वाईट वाटलं, आणि ते त्याने सुनेत्राला सांगितलंही.

ती तांदूळ निवडत होती. "परत बोलाल तेव्हा रिबकेचं नाव जरा मोठ्यानं घ्या," ती म्हणाली. "आम्ही बायका मागं बसतो, तिथं नीट ऐकू आलं नाही."