शाळेत नेलेल्या दोन लाट्या

मैत्रिणींनो, आज काय झालं ते सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

माझी परी दुसरीत आहे, इंग्लिश मीडियमला. आज सगळ्या आयांना वर्गात बोलावलेलं. घरातून दोन सारख्या वस्तू न्यायच्या आणि ही वस्तू त्या वस्तूएवढी मोठी आहे, असं इंग्लिशमध्ये सगळ्यांसमोर बोलायचं. मी सातवी शिकलेली. मी अडखळले तर परीला पोरं चिडवतील, याच भीतीने रात्रभर झोप नाही.

आमच्या कॅम्प पाच भागात आम्ही घरीच पापड लाटतो. म्हणून उडदाच्या पिठाच्या दोन लाट्या डबीत घेतल्या. पिठाच्या लांब वळकटीतून दोऱ्याने कापलेल्या, एकदम सेम.

नंबर आला, डबी उघडली, तर एक लाटी अर्धीच. परी म्हणते, "मम्मी, रिक्षात भूक लागलेली."

"अगं भवाने, खायला आणलेल्या का त्या?"

सगळा वर्ग हसायला लागला. माझे हात मात्र सवयीने चालू झाले. मोठीतला अर्धा तुकडा तोडला, दोन्ही नीट वळून तळहातावर ठेवल्या आणि बोलूनच गेले, "धिस लाटी इज ॲज बिग ॲज दॅट लाटी."

टीचर म्हणाल्या, "व्हेरी गुड. आता तो उरलेला तुकडा मला द्या, किती वर्षांनी लाटी बघतेय."

परी तर येताना रिक्षावाल्या काकांना सांगत होती, "माझी मम्मी इंग्लिश बोलली."

माझ्यासारख्या कमी शिकलेल्या कोण कोण आहात ग्रुपवर? पोरांच्या शाळेत तुम्ही मागेच उभ्या राहता का? मी तरी आता पुढे बसणार.